बलाच्या जागी गणपती

१

न्यूटनचा दुसरा नियम त्या सकाळी असा छापून आला होता: गणपती बरोबर वस्तुमान गुणिले पिंपळपान.

लंकाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. गणपती जागचा हलला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा, सोंड डावीकडे, अगदी निवांत बसलेला. दोन ओळी खाली दोरीतल्या ताणाच्या जागी नारळ ठेवलेला कलश होता. त्याच्याही खाली, गुरुत्वीय त्वरणाच्या जागी, धम्मचक्र. आऱ्यांसकट.

"राखी," त्यांनी शांतपणे विचारलं, "हे तू केलंस का?"

"मॅडम, मी असं करीन?" राखी पगारेचे डोळे भरून आले होते. "मी टाईप करताना सगळं नीट होतं. काल संध्याकाळी फाइल बंद करून गेले. सकाळी येऊन प्रुफं काढली, तर हे."

लंकाबाई बोरसे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नाशिकच्या शालिमार भागात 'अक्षरवेल' नावाचं डीटीपीचं दुकान आहे. तिथे शास्त्राच्या पुस्तकांची प्रुफं वाचायला त्या आता येत. दुकानात मुख्य काम लग्नपत्रिकांचं. शास्त्राचं पुस्तक पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते राखीने मागून घेतलं होतं. हे पुस्तक नीट उतरलं की शास्त्राच्या कामाचं वेगळं टेबल तिचं, असा शब्द मालकाने दिला होता.

त्या पुस्तकात ठळक अक्षराला फार किंमत होती. बल, वेग, त्वरण अशा दिशा असलेल्या राशी ठळक अक्षरात, आणि वस्तुमानासारख्या दिशा नसलेल्या साध्या अक्षरात. ठळकपणा गेला की अर्थच गेला. इथे तर ठळक अक्षरांच्या जागी अख्खा लग्नमंडप आला होता.

"आणि एवढंच नाही," राखी म्हणाली. तिने फाइल उघडली आणि पानं खाली सरकवत नेली. अकरावं, बारावं, तेरावं. चौदावं पान पडद्यावर येऊ लागलं आणि सगळी खिडकीच नाहीशी झाली. पडद्यावर नुसतं डोंगराचं चित्र उरलं. "दर वेळी इथेच सॉफ्टवेअर पडतं. पुढची पानं उघडतच नाहीत."

तेवढ्यात मनोजशेठ आले. दुकानाचे मालक; एका हातात फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन.

"मॅडम, व्हायरस आहे. शंभर टक्के व्हायरस!"

"व्हायरसला इतका सुबक गणपती काढता येत असेल तर त्याला मखरातच बसवू या."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. प्रकाशकाला आज फाइल द्यायचीय मला. पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसशी बोललोय. संध्याकाळी पाचपर्यंत इथे जमलं नाही, तर पुस्तक तिकडे जाईल." ते राखीकडे बघायचं टाळत होते. "राखी, वाईट वाटून घेऊ नको. आपल्याला पत्रिका जमतात, त्या करू."

 राखीने फाइल पुन्हा उघडली.

लंकाबाई प्रुफं एकेक करून टेबलावर मांडत होत्या. छापताना तेरा पानं निघाली होती, असं राखी म्हणाली होती. टेबलावर बाराच होती.

अकरावं पान कुणीतरी काढून घेतलं होतं.

२

"आधी मला अक्षर दाखव," लंकाबाई म्हणाल्या.

राखीने गणपती निवडला आणि त्याचा ठळकपणा काढला. गणपती गेला, साधा, सडपातळ एफ आला. ठळकपणा परत लावला. गणपती हजर.

"म्हणजे अक्षर तेच आहे. फक्त त्याचा ठळक पोशाख कुणीतरी बदललाय. वर फॉन्टचं नाव काय दिसतंय?"

"आपलाच गणिताचा फॉन्ट. नाव बरोबर आहे. मूळ फॉन्ट परत टाकूनही बघितला मी. तरी हेच."

"हा फॉन्ट तुझ्या मशीनमध्ये असतो?"

"नाही, डब्यात."

'अक्षरवेल'मध्ये ही जुनी रीत होती. सगळ्या मशीनचे फॉन्ट एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवायचे. त्याला सगळे 'डबा' म्हणत. कुणाला नवा फॉन्ट मिळाला, कुणी कुठून आणला, की तो डब्यात टाकायचा. सगळ्या मशीनना तो आपोआप मिळे. विचारायचं कुणाला नाही, सांगायचं कुणाला नाही. डब्यात हजारो फॉन्ट साठले होते.

"शेवटी कोणता आला ते तारखेवरून कळेल की."

राखीने मान हलवली. "आज सकाळी शेठनी सगळा डबा नव्या डिस्कवर उतरवला. आता सगळ्या फाइलींवर आजचीच तारीख आहे."

"चांगल्यासाठीच केलं ना मी ते!" मनोजशेठ लांबून ओरडले.

"आणि तुझं मशीन डब्यापासून तोडलं तर?"

"मग पुस्तकातली मराठी अक्षरंच जातील."

लंकाबाईंनी वळून दुकानाकडे बघितलं. तुळशीची लग्नं होऊन गेली होती, पत्रिकांचा हंगाम जोरात होता. खिडकीजवळच्या टेबलावर रविराज आहेर पत्रिका करत बसला होता. देवळ्याचा मुलगा, हात चांगला, तोंड त्याहून चालू. काउंटरवर त्याची चुलत बहीण पूजा ऑर्डर घेत होती. छापखोलीतून कागद आणून टेबलांवर पोचवणंही तिच्याकडेच. राखीचा धाकटा भाऊ बुद्धभूषण दुकानातली मशीनं सांभाळायचा. तो काल रात्रीच सुरगाण्याकडे एका शाळेत कॉम्प्युटर बसवायला गेला होता.

"त्याला फोन लावला?"

"लागत नाही मॅडम. तिकडे डोंगरात रेंज कुठली!"

लंकाबाई रविराजच्या टेबलाशी गेल्या आणि त्याच्यापुढे पहिलं पान ठेवलं. त्याने ते उचललं आणि खो खो हसत सुटला.

"गणपती गुणिले! ओ मॅडम, हे पुस्तक लय चालेल. परीक्षेला बसण्याआधीच दर्शन!"

"पत्रिकांची चित्रं तू करतोस. हा गणपती तुझा?"

रविराजचं हसू थांबलं. त्याने कागद डोळ्याजवळ नेला. "माझा? मॅडम, सोंड बघा. ही सोंड हाय का छत्रीची मूठ? माझा गणपती असा नसतो. आणि मी चित्रं फॉन्टमध्ये ठेवतच नाय. माझी चित्रं वेगळी असतात, पाहिजे तशी मोठी करता येतात. ही असली कामं करायला फॉन्टच्या पोटात शिरावं लागतं. आपल्याला ते येत नाय."

"बरं. विकत मिळतो का असा फॉन्ट? गणपती आणि पिंपळपान, कलश आणि धम्मचक्र, एकत्र असलेला?"

"एकत्र?" त्याने डोकं खाजवलं. "नाय बघितला. गणपतीवाले वेगळे, धम्मचक्रवाले वेगळे. दोन्ही एका पत्रिकेवर लागत नायत ना."

"लागत नाहीत," लंकाबाई म्हणाल्या, आणि काउंटरकडे वळल्या.

पूजा पावतीपुस्तक चाळत होती. तिच्यासमोर पान ठेवलं तरी तिने मान वर केली नाही.

"पूजा, छापखोलीतून प्रुफं तूच आणलीस?"

"हो मॅडम."

"किती पानं होती?"

"मोजली नाहीत." तिने पावतीपुस्तकाचं पान उलटलं. ते कोरं होतं. तिने अजून एक उलटलं. तेही कोरंच होतं.

लंकाबाई तिथून परतल्या. मुलीचे कान लाल झालेले त्यांनी पाहिले होते.

३

मनोजशेठनी मिसळ मागवली. काळजी वाटली की त्यांना भूक लागे. सगळे खायला बसले. लंकाबाई मात्र राखीच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी एक कोरी फाइल उघडली.

"चौदाव्या पानावर काय आहे?"

"आव्यूह, म्हणजे मॅट्रिक्स. तीन ओळी, तीन रकाने. दोन्ही बाजूंना मोठे ठळक कंस."

"असं बघू." त्यांनी छोटा ठळक कंस टाकला. काही झालं नाही. मग मोठा, तीन ओळींचा, पण साधा कंस टाकला. तोही नीट उभा राहिला. मग त्याच मोठ्या कंसाला त्यांनी ठळक केलं.

डोंगराचं चित्र.

"वा," लंकाबाई म्हणाल्या. राखीला वाटलं, मॅडम रागावल्या. पण त्या खूश दिसत होत्या. "हे फार बरं झालं."

"बरं काय झालं? पडलं ना परत!"

"राखी, मोठा कंस एका तुकड्यात नसतो. वरचं टोक, खालचं टोक आणि मधे जोडायचा दांडा, असे तुकडे फॉन्टमध्ये असतात. सॉफ्टवेअर म्हणतं, मला तीन ओळींएवढा कंस दे. फॉन्ट म्हणतो, माझ्याकडे तुकडे आहेत, घे आणि जोड. आता समज, कुणीतरी आपल्या गणिताच्या फॉन्टची ठळक फाइल उचलली, तिची नक्कल केली आणि अक्षरं पुसून त्या जागी चित्रं काढली. चित्रांच्या नादात हे तुकडेही नको म्हणून काढून टाकले. पण तुकडे आहेत असं सांगणारी आतली नोंद तशीच राहिली. सॉफ्टवेअर विश्वासाने तुकडा उचलायला जातं, तिथे काहीच नसतं, आणि ते कोसळतं."

"पण आपल्या फॉन्टची जागा त्याने कशी घेतली?"

"फाइलला बाहेरून नवीन नाव दिलं असणार. आतलं नाव बदलायचं राहिलं. मशीन बाहेरचं नाव बघत नाही, आतलं बघतं. एकाच नावाचे दोन ठळक फॉन्ट डब्यात आहेत आणि मशीनने चुकीचा धरलाय. तू मूळ फॉन्ट कितीदाही टाकलास तरी उपयोग नाही. तो दुसरा बाहेर काढला पाहिजे."

"हजारोंतून?" राखीने घड्याळाकडे बघितलं. दुपार कलत आली होती. "मॅडम, एकेक उघडून बघायला आठवडा लागेल."

"म्हणून फॉन्ट शोधायचाच नाही. माणूस शोधायचा. त्याला नाव माहीत असणार."

मनोजशेठ मिसळीची वाटी हातात घेऊन मागे उभे राहिले होते. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम बिघडवलं? आपल्यातलंच?"

"मुद्दाम नाही. हे पिंपळपान बघा. शिरा मोजा हवं तर. ज्याला काम बिघडवायचंय तो पानाच्या शिरा काढत बसतो का? हा माणूस फार आनंदात होता, शेठ. लग्नाची पत्रिका करत होता. आणि ती गिऱ्हाइकाची नव्हती, नाहीतर रविराजच्या टेबलावर आली असती. ज्या पत्रिकेवर गणपती आणि धम्मचक्र दोन्ही लागतात, अशी पत्रिका."

 रविराजचा पाव रश्श्यात बुडला आणि तिथेच राहिला.

"कुणाची?" मनोजशेठनी विचारलं.

"ते अकराव्या पानावर आहे."

"ते तर हरवलंय!"

"हरवलं असलं तरी त्यावर काय होतं ते मला माहीत आहे," लंकाबाई म्हणाल्या. "पुस्तक मी वाचलंय."

४

अकराव्या पानावर वर्तुळाकार गती होती. फक्त त्या पानावर वेगाचा व्ही आणि केंद्रापासूनच्या अंतराचा आर ठळक अक्षरात येत होते. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर या प्रकरणात ते कुठेच नव्हते.

"आता नीट विचार करा," लंकाबाई म्हणाल्या. "गणपती, कलश, पिंपळपान, धम्मचक्र. ही चित्रं कुणाच्याही पत्रिकेवर असतात, त्यावरून माणूस ओळखू येत नाही. म्हणून ती पानं टेबलावर तशीच राहिली. जे पान गेलं, त्यावर असं काहीतरी होतं की बघताक्षणी माणूस कळला असता."

त्यांनी कोऱ्या फाइलीत व्ही टाईप केला. मग आर. मोठे कंस नव्हते, त्यामुळे पडायची भीती नव्हती. दोन्ही अक्षरं निवडून त्यांनी ती ठळक केली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून आकार वाढवत वाढवत पडदाभर नेला.

व्हीच्या जागी रेल्वेचं इंजिन होतं. धुराचे तीन गोल सोडणारं.

आरच्या जागी कांदा होता. पातीसकट.

मनोजशेठनी एकदा इंजिनाकडे बघितलं, एकदा कांद्याकडे. मग त्यांची वाटी टेबलावर आपटली.

"इंजिन म्हणजे मनमाड! राखीचे वडील रेल्वेत होते. आणि कांदा म्हणजे देवळा! रविराजच्या घरचा सगळा कांदा लासलगावच्या मार्केटला जातो." त्यांनी दोन्ही हात पसरले. "रविराज! राखी! अरे, मला सांगितलं असतं तर—"

"शेठ!" राखी खुर्चीतून उठलीच. "माझं लग्न होऊन मुलगा चौथीत गेलाय!"

"आणि ती माझी ताई हाय!" रविराज किंचाळला. "दर वर्षी ओवाळते मला! काय बोलता राव!"

"मग इंजिन कुणाचं? कांदा कुणाचा?"

रविराज पडद्याजवळ गेला. त्याचा चेहरा आता फार गंभीर झाला होता. "आणि मॅडम, हा कांदा मी काढलाय असं कुणी म्हणू नका. पात बघा. ही काय कांद्याची पात हाय? हा अननस हाय. कांद्याच्या घरात वाढलेला माणूस असा कांदा काढणार नाय."

"बरोबर," लंकाबाई म्हणाल्या. "इंजिन मात्र पक्कं आहे. डबे जोडायचा आकडासुद्धा आहे पुढे. म्हणजे काढणारा हात रेल्वेच्या घरातला, आणि कांदा त्याने दुसऱ्या कुणासाठी काढलाय. रविराज म्हणाला, हे काम करायला फॉन्टच्या पोटात शिरता यायला हवं. दुकानात ते कुणाला येतं? आणि चित्रं बघताक्षणी 'ही माझी' म्हणाला असता, असा कोण आज इथे नाही?"

राखी हळूहळू खाली बसली. "भूषण?"

"मनमाडच्या रेल्वेवाल्याच्या घरात तू एकटी नाहीस, राखी. आणि देवळ्याच्या कांदेवाल्यांच्या घरातलंही इथे एकटा रविराज नाही. आज सकाळपासून हे पान बघून प्रत्येकजण चकित झाला. एकीने मानही वर केली नाही. तिला आधीच माहीत होतं."

सगळ्या माना काउंटरकडे वळल्या.

पूजाने ड्रॉवर उघडला, चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

५

"मी सांगणारच होते," पूजा म्हणाली.  "सकाळी छापखोलीत ते पान बघितलं आणि घाबरले. दादाने बघितलं असतं तर... मला वाटलं, चित्रं नुसती कागदावर आलीत. फॉन्टमुळे सॉफ्टवेअर पडतंय हे मला आत्ता मॅडम बोलल्या तेव्हा कळलं. राखीताई, खरंच. तुमचं पुस्तक जाईल असं मला वाटलं नव्हतं."

"फाइलचं नाव काय?" राखीने विचारलं. एवढंच.

"नाही माहीत. त्यानेच टाकली डब्यात, काल रात्री जाण्याआधी. नुसतं बघायला, पत्रिका कशी दिसते ते. मी केव्हाची फोन लावतेय त्याला."

रविराज एका जागी उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि दुकानात हे कुणी आजवर पाहिलं नव्हतं. शेवटी तो पूजाच्या वडिलांचं नाव घेऊन म्हणाला, "बहिरूकाकांना कोण सांगणार हे? मी? मी नाय सांगणार. पूजे, काका कांद्याच्या ट्रॅक्टरखाली घालतील मला. म्हणतील, तुझ्या डोळ्यांदेखत झालं आणि तू काय पत्रिका छापत बसला होता?"

"दादा, ऐक तर—"

"पाच वाजत आले," मनोजशेठ म्हणाले. त्यांनी एक फोन उचलला होता, पुण्याचा. "मॅडम, तुम्ही शोधलंत, मानलं मी. पण नाव मिळाल्याशिवाय काय करणार? फाइल पाठवतो मी."

राखीने डब्याचं फोल्डर उघडलं होतं आणि वरून एकेक फॉन्ट उघडून बघत होती. अजून 'अ'च संपला नव्हता.

तेवढ्यात पूजाचा फोन वाजला. घाईघाईत तिने भलतंच, स्पीकरचं बटण दाबलं, आणि बुद्धभूषणचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. मागे एसटीचा खडखडाट होता.

"पूजा! दिंडोरी आली, रेंज आली! अगं इतके मिस्ड कॉल? काय झालं? अप्पांनी कांदा रद्द केला का? त्यांना सांग, कांदा ठेवलाय मी, इंजिनाएवढाच मोठा ठेवलाय. आमचे बाबा म्हणत होते इंजिन मोठं पाहिजे, पण मी म्हटलं, दोन्ही व्याही सारखेच!"

रविराज फोनपाशी आला.

"हॅलो? पूजा?"

"कोणते अप्पा?" रविराजने विचारलं.

फोनमधला आवाज एकदम खाली आला.

"...रविराजदादा?"

"कोणते अप्पा, बुद्धभूषण?"

"तुमचे काका. बहिरूअप्पा."  "दादा, त्यांना दिवाळीच्या आधीच सांगितलंय. मी स्वतः जाऊन. पहिले दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी लासलगावला मार्केटमध्ये घेऊन गेले, दिवसभर गोण्या उचलायला लावल्या, आणि संध्याकाळी म्हणाले, पत्रिकेवर कांदा पाहिजे."

"घरात सगळ्यांना माहीत हाय? आणि मला नाय?"

"दादा, तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी देवळ्याच्या स्टँडवर चहावाल्यालाही माहीत झालं असतं," पूजा म्हणाली.

मनोजशेठ हसले. मग लंकाबाई हसल्या. शेवटी रविराजलाही हसू आवरेना.

"आणि मला?" राखी फोनकडे बघत म्हणाली. तिचा आवाज हसणाऱ्यांत मिसळला नव्हता. "भूषण, बाबांना माहीत होतं. मला का नाही सांगितलंस?"

"ताई! तू पण तिथेच?" तो गडबडला. "ताई, पहिली छापलेली पत्रिका तुझ्या हातात द्यायची होती. तोंडी नव्हतं सांगायचं. आईबाबांच्या आधी तुलाच. म्हणून रविराजदादाकडे न देता सगळं स्वतः काढत बसलो."

 राखीने डोळे पुसले आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"नंतर बोलू त्यावर. तुझ्या त्या फॉन्टचं बाहेरचं नाव काय आहे? लवकर सांग. आतलं नाव बदलायला विसरलास तू. माझं अख्खं पुस्तक तुझ्या लग्नाला जाऊन बसलंय."

"आतलं नाव?"  पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "अरे देवा. ताई, 'मांडव' नावाने शोध. मांडव दोन. आधी सगळ्या मशीनवर फाइली बंद करा, मग तो बाहेर काढा."

६

मनोजशेठनी स्वतः उठून सगळ्यांच्या फाइली बंद करवल्या. राखीने 'मांडव दोन' डब्यातून उचलला आणि बाजूला ठेवला. मशीन बंद केलं, परत चालू केलं.  फोन चालूच होता, एसटीतलं कुणीतरी "काय झालं, काय झालं?" असं विचारत होतं आणि बुद्धभूषण त्याला गप्प करत होता.

फाइल उघडली. पहिल्याच पानावर, ठळक एफ बरोबर वस्तुमान गुणिले ठळक ए. काळेभोर, भरदार, आपापल्या जागी.

"अकरावं पान," लंकाबाई म्हणाल्या.

ठळक व्ही, ठळक आर. इंजिन नाही, कांदा नाही.

"जरा वाईटच वाटतं," मनोजशेठ पुटपुटले.

"शेठ, तो अननस गेला ते बरं झालं," रविराज म्हणाला. त्याने कोरा कागद पुढे ओढून पेन्सिलीने भराभर रेघा मारायला सुरुवात केली होती. "ए, जावई! ऐकतोस ना? कांदा मी काढून देतो. पात अशी वर सरळ जाते आणि मग वाकते. आणि त्या गणपतीची सोंड मी दुरुस्त करणार. आमच्या घरची पत्रिका हाय, चार लोक बघणार."

"काढा ना दादा," फोनमधून आवाज आला. "इंजिनाला मात्र हात लावू नका."

"इंजिन बरं हाय," रविराजने कबूल केलं.

मनोजशेठनी पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. "हां साहेब, ते पुस्तक आता नको. इथेच होतंय. आमच्याकडे शास्त्राचं वेगळं टेबल आहे." फोन ठेवून ते राखीकडे वळले आणि घसा साफ केला. "आहे ना?"

"आहे," राखी म्हणाली. "पण शेठ, आजपासून डब्याचा पासवर्ड माझ्याकडे राहील. फॉन्ट कुणाचाही असो, भावाचा असो, आधी मी उघडून बघणार. मग डब्यात जाणार."

"मंजूर."

"शिवाय मोठा ठळक कंस टाकून बघणार."

"तेही मंजूर!"

"ताई," फोनमधला आवाज अगदी बारीक झाला होता, "तू रागावलीस? पत्रिका तूच जुळवशील ना?"

"रांगेत ये," राखी म्हणाली. पडद्यावरची तिची नजर हलली नव्हती. "आधी माझं पुस्तक आहे."

तिने पान खाली सरकवलं. बारावं. तेरावं. मनोजशेठनी श्वास रोखून धरला. पूजा काउंटर सोडून जवळ आली होती आणि तिने राखीच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

चौदावं पान आलं. तीन ओळी, तीन रकाने, आणि दोन्ही बाजूंना उंच, जाड, वरपासून खालपर्यंत सलग उभे असलेले ठळक कंस.

राखीने कंसाच्या टोकापासून टोकापर्यंत पडद्यावरून बोट फिरवलं. मग पंधरावं पान उघडलं.